गोलमो म्हणजे काय

९ जून १९८८

डाळिंब्या म्हणजे डाळिंबं नव्हेत!

हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सकाळी ऑफिसला निघताना सासूबाई म्हणाल्या, "आज डाळिंब्या करायच्यात, जमलं तर लवकर ये." मला वाटलं, डाळिंबाचं काहीतरी गोडबीड करत असतील. या घरात कशातही गूळ पडतो. म्हणून येताना डोंबिवली स्टेशनबाहेर चांगली निवडून डाळिंबं घेतली. घरी येऊन ऐटीत ओट्यावर ठेवली.

सासूबाई आधी डाळिंबांकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. मग परातीकडे बोट दाखवलं. कोमट पाण्यात मोड आलेले वाल. "या डाळिंब्या. सोलायला ये म्हटलं होतं."

वाल! आमच्याकडे वालाला वालच म्हणतात. सोलले म्हणून ते दुसरे कुणी होतात का? पदर खोचला आणि बसले सोलायला. दाबलं की सुळकन बाहेर येतात — मजा वाटली. सासूबाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. त्यांचं काही कळतच नाही.

विश्राम मात्र आल्यापासून हसतोय. "ऑफिसच्या अकाउंट्समध्ये पण असंच करतेस का?" म्हणे. याच्यासाठी मी घर सोडून आले!

१० जून

डाळिंबं नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सोलून मीठ लावून खाल्ली. "उत्तम आहेत," म्हणाले. एक दाणा खाली सांडला नाही.

१९ जून

आज सत्यनारायण. लग्नानंतरचा. आज फार मोठी चूक झाली.

पूजेचं पंचामृत चांदीच्या वाटीत ठेवलेलं — दूध, दही, तूप, मध, साखर. ते मला माहीत. आमच्या कोळीवाड्यातही पूजा होतात, आम्ही काही जंगलातून आलेलो नाही. पण पंगत बसल्यावर सासूबाई आतून म्हणाल्या, "मंजुळा, पंचामृत राहिलंय, डावीकडे वाढ." मी देव्हाऱ्यातली ती वाटी घेतली आणि सगळ्यांच्या पानात डावीकडे चमचा चमचा तीर्थ घालत गेले! चटणीवर ओघळ. कोशिंबिरीत ओघळ. चार पानं होईस्तोवर कुणी बोलेना. मग कळलं, यांच्यात पंचामृत म्हणून एक पदार्थ असतो. दाणे, खोबऱ्याचे काप, मिरच्या, चिंच, गूळ. ओट्यावर झाकून ठेवलेला.

शेजारच्या हेमाकाकू म्हणाल्या, "असू दे गं, त्यांच्यात नसेल ना करत." *त्यांच्यात.* मी समोरच उभी होते.

सासूबाई बाहेर आल्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, "माझंच चुकलं. मी तिला नीट सांगितलं नाही." आणि स्वतः पानं पुसून नवीन वाढलं.

वाटलं होतं नंतर आत नेऊन बोलतील. नाही बोलल्या. उलट तो पदार्थ मला वाटीत घालून दिला. चांगला लागतो. आंबट, तिखट, गोड, सगळं एकाच घासात.

२६ जून

इथे 'मसाला' म्हटलं की गोडा मसाला. जो गोड नाही. माहेरी 'मसाला' म्हटलं की एकच — आय उन्हाळ्यात गिरणीतल्या डंकावर कुटून आणते तो, लाल, बरणी उघडली की शिंक येते. काल मी आमटीत "मसाला थोडा कमी वाटतोय" म्हटलं तर नाना म्हणाले, "आपल्याकडे तिखट म्हणतात त्याला. मसाला वेगळा."

आपल्याकडे. मी पण मान डोलावली. रोज एक शब्द शिकतेय आणि रोज एक गिळतेय.

३ जुलै

रविवार. माहेरी, चेंदणीला जाऊन आले. बाबांनी खाडीतली कोलंबी आणलेली, पण खरी मजा जवळ्याची. आयने तव्यावर भाजला, वर कांदा चिरून, लिंबू. तांदळाची भाकर. मी किती खाल्लं ते लिहीत नाही.

आय म्हणाली, "बाय, सुकलीस गो! तिथं पोटभर देतान का नाय?" देतात, म्हटलं. पोटभर देतात. तिला ते पटलं नाही.

या घरचा नियम असा — माहेरी काय खायचं ते खा, आल्यावर आंघोळ, आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात यायचं नाही. हा नियम नानांनी लग्नाआधीच सांगितलेला. ओरडून नाही. चहा पुढे करत सांगितलेला. नाना कधी ओरडत नाहीत, म्हणून तर वाद घालता येत नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी दार उघडलं. मी अजून उंबऱ्याबाहेर होते. त्या थांबल्या. एक श्वास घेतला. हळूच म्हणाल्या, "जवळा भाजला होता वाटतं."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"पाणी तापलंय. जा आंघोळीला." आणि आत निघून गेल्या.

मासळीचा वास कुणालाही कळतो. पण जवळा?

२२ जुलै

सासूबाई मला म्हणाल्या, "येताना वाण्याकडून सोलं आण." पेपरमागून नानांचा आवाज — "आमसुलं." सासूबाई लगेच, "हो, आमसुलं."

आमच्याकडे कोकम म्हणतात. मी कोकम आणलं, वाण्याने आमसूल म्हणून दिलं, आणि सासूबाईंनी ज्या बरणीत भरलं तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही.

१५ ऑगस्ट

सासूबाईंना ताप. डॉक्टर म्हणतात टायफॉइड असेल, रक्त तपासायला दिलंय.

१७ ऑगस्ट

टायफॉइडच. मी रजा टाकली. विश्राम म्हणाला मी थांबतो, पण त्याला साधी पेज येत नाही. पहिल्यांदाच अख्खं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलंय. डबे उघडून बघितले. सगळं कसं ओळीने. या बाईने कधी एक चमचा चुकीच्या जागी ठेवला नसेल.

१९ ऑगस्ट

आज काहीतरी झालं. नीट लिहून ठेवते.

दुपारी ताप खूप चढला. मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते, नाना खुर्चीत, विश्राम दारात. सासूबाईंचे डोळे अर्धे उघडे. मी विचारलं, "पेज देऊ का आई, थोडी?" तर म्हणाल्या — आवाज त्यांचा, पण बोलणं त्यांचं नव्हे — "दी गो. वरसून गोलमो घाल थोडो."

मी म्हटलं, काय घालू?

"गोलमो गो. थोडोसो."

विश्राम म्हणाला, "बडबडतेय. तापात आहे." मी नानांकडे बघितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरलेला. उठले, गॅलरीत गेले. तिथूनच म्हणाले, "तापात माणूस काहीही बोलतं. लक्ष देऊ नका."

पण त्या काहीही बोलत नव्हत्या. काहीतरी मागत होत्या. मागितलेलं द्यायचं काय, तेच मला कळेना. मी पेजेवर तूप घातलं. दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं.

२० ऑगस्ट

गोलमो. गुळांबा? गुलकंद? मेतकूट म्हणायचं असेल आणि जीभ वळली नसेल? गुलकंद दिला — नको. मेतकूट कालवून दिलं — नको.

२७ ऑगस्ट

ताप उतरला. सासूबाई उठून बसल्या. त्या दिवसाचं त्यांना काही आठवत नसावं. पुन्हा तेच कोरं, स्वच्छ बोलणं. "मंजुळा, साय वेगळी काढून ठेवलीस ना?"

ग्रंथालयात जाऊन मोठा शब्दकोश बघून आले. गोलमाल आहे. गोलंदाज आहे. गोलमो नाही.

२ सप्टेंबर

सापडलं! आणि आता वाटतंय, सापडलं नसतं तर बरं.

ऑफिसात जेवायचे डबे उघडून बसलेलो. आमच्या सेक्शनमधली रतन कुडाळची. सहज विचारलं, "गोलमो म्हणजे काय गं?" तिला जोरात हसू फुटलं. "अगो, तुका खयसून गावलो ह्यो शब्द? गोलमो म्हणजे सुको जवळो! पेजेबरोबर खातंव आमी. आजारी माणसाच्या तोंडाक चव येता."

मी डबा झाकला. रतन विचारत राहिली कुणाकडून ऐकलंस. मी म्हटलं बसमध्ये.

सासूबाई वेंगुर्ल्याच्या. हे माहीत होतं सगळ्यांना. पण त्यांचं माहेर असं उरलेलंच नाही. आईवडील लवकर गेले, घर विकलं, कुणाचं येणंजाणं नाही. विश्राम आजोळी कधी गेलाच नाही. त्याला विचारलं एकदा, तुझ्या आजोळी काय करायचे रे खायला? म्हणाला, "काय करणार? आपल्यासारखंच."

विश्रामला सांगितलं नाही. हे आधी त्यांचं आहे.

१० सप्टेंबर

शनिवार, अर्धा दिवस. नाना पेन्शनच्या कामाला गेलेले, विश्राम ओव्हरटाइमला. सासूबाई ओट्याशी पाटावर बसून लसूण सोलत होत्या. अजून अशक्त आहेत. तोंडाला चव नाही म्हणून दोन घासांत उठतात.

मी समोर बसले. लसूण घेतला. मनात कितीदा घोकलेलं, पण तोंडातून सरळच निघालं — "आई, गोलमो म्हणजे सुका जवळा ना?"

त्यांचे हात थांबले.

मला वाटलं आता मला या घरातून जावं लागणार.

मग म्हणाल्या, "कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. तापात. पेजेवर घाल म्हणालात."

"ह्यांनी ऐकलं?"

"हो."

पुन्हा लसूण सोलायला लागल्या. आणि त्याच गतीने, एकेक पाकळी करत, सांगितलं. नाना तरुणपणी वेंगुर्ल्याला नोकरीला होते. यांच्या घरी खोली घेऊन राहायचे. जेवायलाही यांच्याकडेच. "सगळं खायचे. बांगड्याचं हुमण तर चाटूनपुसून. आई म्हणायची, ह्या भटाक वाढता वाढता माझो हात दुखता." एवढं सांगताना हसल्या! मी त्यांना असं हसताना पाहिलेलंच नव्हतं. मग लग्न ठरलं. नानांची आई आधी तयारच नव्हती. शेवटी एका अटीवर हो म्हणाली. खायचं तर नाहीच — बोलायचंही नाही. घरात तसला शब्द नको. मुलांच्या कानावर नको.

"मी तवसं म्हटलं की त्या म्हणायच्या, काकडी म्हण. सोलं म्हटलं की आमसुलं म्हण. त्यांचं बरोबरच होतं, त्यांच्या घरात त्यांचे शब्द. मी तेव्हा अठराची. शिकले. इतकं शिकले की पुढे विचार करायची गरज पडेना."

मी विचारलं, "आणि आठवण?"

"वासाचं काय करणार? तू त्या रविवारी दारात उभी होतीस ना..."

मी म्हटलं, आयकडून आणू? थोडासा? कुणाला कळणार नाही.

"नको. माझ्या हातून या घरात ते व्हायचं नाही." उठल्या. जाता जाता म्हणाल्या, "विश्रामला सांगू नकोस. मी सांगेन. कधीतरी."

११ सप्टेंबर

आज त्यांनी पूर्ण पोळी खाल्ली.

४ ऑक्टोबर

मला दिवस गेलेत!

विश्रामने पेढे आणले. नानांनी देवापुढे ठेवले, मग मला म्हणाले, "आता धावपळ कमी कर हो बाळ." बाळ म्हणाले.

सासूबाईंनी डोक्यावरून हात फिरवला. "काय खावंसं वाटतं?" मी म्हटलं, अजून काही नाही. खोटं. सकाळपासून एकच गोष्ट खावीशी वाटतेय.

२३ ऑक्टोबर

गोड्या मसाल्याचा वास आला की उलटी. फोडणी पडली की मी गॅलरीत. दूध नको, तूप नको. डॉक्टर म्हणाले वजन वाढत नाहीये, जे जाईल ते खाऊ दे.

जे जाईल ते! माहेरी जाऊन आले तेव्हा दोन भाकरी गेल्या, जवळ्याबरोबर. इथे आलं की पुन्हा सुरू. विश्रामने नानांपुढे विषय काढला — मला वाटलं आता बोलेल — तर म्हणतो कसा, "हिला जरा वेगळं काही..." आणि तिथेच संपला. नाना म्हणाले, "लिंबाचं लोणचं दे. आवळा दे. या घरात जे होतं त्यातलं सगळं दे." पेपर उलटला.

दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन आवळे घेऊन आले. माझ्यासाठी, उन्हातून चालत. अशा माणसावर रागावायचं तरी कसं?

विश्रामवर रागावले.

१३ नोव्हेंबर



आज रविवार. काल ऑफिसमधून आयकडे गेलेले, तिने जवळ्याची पुडी दिली. "ऑफिसात खा. कुनाला काय कलनार?" पुडी पर्समध्ये, पर्स कपाटात. सकाळी मला पुन्हा उलट्या. चहासुद्धा राहीना. मी भिंतीला टेकून बसले होते. नाना फिरायला गेलेले. सासूबाई दारात आल्या.

"पर्समध्ये आहे ना तुझ्या?"

"काय?"

"कालपासून वास येतोय. काढ."

मी काढून दिली. वाटलं, फेकणार. त्यांनी पुडी उघडली, चिमूटभर तळहातावर घेतलं, बोटाने पसरून बघितलं. "चांगला आहे. वाळू नाही." आणि गॅसवर तवा ठेवला!

मी म्हटलं, "आई, नाना येतील."

"येऊ देत. नारळ खवायला घे."

आम्ही नुसता भाजतो. त्यांनी कोरडाच भाजला, कुरकुरीत, मग ताटात काढून चुरला. ओलं खोबरं, बारीक कांदा, तिखट, मीठ, आणि भिजवलेली सोलं कुस्करून. सोलं म्हणाल्या, मोठ्याने. हाताने कालवलं. म्हणाल्या, "ही किसमूर." हा शब्द मला माहीत नव्हता. कालवताना त्यांचा हात कुठे अडला नाही. इतक्या वर्षांनी!

मऊ भात आणि किसमूर. मी खाल्लं. राहिलं पोटात. दुसऱ्यांदा घेतलं. त्या समोर बसून बघत होत्या. मी म्हटलं, तुम्ही? "आधी तू."

तेवढ्यात विश्राम अंघोळ करून आला. "आई, हा वास..."

"बस. तुझ्या आजोळचं आहे."

त्याला काही कळेना. माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. सासूबाई त्याच्या ताटात वाढत होत्या. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं असावं. खाली बसला. बोटाने थोडं तोंडात टाकलं. ताट दूर सरकवलं नाही.

आणि नाना आले.

वास जिन्यापर्यंत गेलेला. चपला काढल्या, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, आत नाही. सगळं बघितलं. आवाज नेहमीसारखाच. "ठरलं होतं आपलं."

सासूबाई उठल्या. "आपलं नाही. तुमच्या आईंचं आणि माझं ठरलं होतं. त्या जाऊन किती वर्षं झाली?"

नाना वळले, चपला घातल्या, खाली गेले. दुपारी उशिरा परत आले. जेवले नाहीत.

सासूबाईंनी ताटातली उरलेली किसमूर भातावर घेतली आणि खाल्ली. पहिल्या घासाला डोळे मिटले. मी तोंड फिरवलं. ते बघायला मी तिथे नको होते.

२० नोव्हेंबर

नानांनी खानावळीचा डबा लावला.

९ डिसेंबर

घरात कुणी भांडत नाही. ऐकणाऱ्याला वाटेल किती सुखी घर. नाना माझ्याशी बोलतात, विश्रामशी बोलतात. सासूबाईंशी बोलतात ते फक्त किल्ली, पाणी, पोस्टमन. डबा येतो. ते गॅलरीतल्या टेबलावर एकटे जेवतात. हेमाकाकूंनी विचारलं तर सासूबाई सरळ म्हणाल्या, "मी जवळा केला म्हणून." काकूंचा चेहरा!

त्यानंतर घरात पुन्हा काही केलं नाही त्यांनी. मी विचारलं. म्हणाल्या, "एकदा करायचं होतं. झालं." पण बोलणं बदललंय. तवसं म्हणतात. सोलं म्हणतात. नाना पेपरमागून दुरुस्त करत नाहीत.

१ जानेवारी १९८९

विश्रामने आज विचारलं, "तुला आधीपासून माहीत होतं?" हो म्हटलं. "आणि मला नाही सांगितलंस." मी म्हटलं, तू कधी विचारलंस का, तुझी आई आधी कोण होती? तो आत जाऊन सासूबाईंजवळ बसला. खूप वेळ. मी मुद्दाम गेले नाही.

२९ जानेवारी

गॅलरीत कपडे काढायला गेले, नाना डबा उघडून बसलेले. वरण, बटाटा. हात लावलेला नव्हता. मी म्हटलं, गरम करून देऊ का?

"नको." मग समोरच्या बिल्डिंगकडे बघत म्हणाले, "वेंगुर्ल्याला मी त्यांच्याकडे जेवायचो."

"आई म्हणाल्या."

"सगळं आठवतं मला. चवसुद्धा. म्हणून तर."

म्हणून तर काय — एकदा घरात सुरू झालं की आपल्यालाच आवरणार नाही, असंच असावं. मग त्यांनी वरणात भात कालवला.

मला त्यांची दया आली. आणि रागही. त्यांना आठवत होतं आणि तरी त्या शिकत गेल्या, शब्द टाकत गेल्या, तेव्हा हे समोर बसून जेवत होते.

२६ फेब्रुवारी

डोहाळजेवण झालं. सासूबाईंनी सगळं केलं. पंचामृतसुद्धा. या वेळी मी बरोबर वाटी उचलली! आय आलेली, नऊवारी नेसून, अंग चोरून खुर्चीच्या टोकावर बसलेली. सासूबाईंनी तिला हाताला धरून आत ओट्याशी नेलं. दोघी आत काय बोलत होत्या कळलं नाही, पण आयचं हसू बाहेरपर्यंत येत होतं.

नाना ओटीच्या वेळी होते. जेवणाच्या वेळी खाली गेले. त्यांचं पान रिकामंच उचललं.

१२ मार्च

चेंदणीला आले बाळंतपणाला. विश्राम सोडून गेला. निघताना सासूबाई जिन्यापर्यंत आल्या. नानांनी हातात आवळासुपारीची पुडी दिली.

इथे सगळं मोठ्याने. बाबांची जाळी, आयचं ओरडणं, शेजारणींचं येणंजाणं. भूक लागते. झोप लागते. पण संध्याकाळ झाली की वाटतं, त्या घरात आता कोण कुणाशी बोलत असेल?

१९ मार्च

विश्राम आलेला. म्हणाला, "आई-नाना एकाच घरात आहेत आणि दोन वेगळी बिऱ्हाडं चालू आहेत असं वाटतं." बाबांनी त्याला बोयी माशाचं कालवण वाढलं. खाल्लं त्याने.

२ एप्रिल

दुपारी दारात रिक्षा थांबली. सासूबाई. हातात कपड्यांची बॅग. एकट्या.

मी घाबरून उठले, काय झालं, नाना बरे आहेत ना? "बरे आहेत. त्यांना सांगून आले. विचारून नाही." किती दिवस, म्हटलं. "ते ठरवलेलं नाही."

आयची धांदल उडाली. सतरंजी घाल, पाणी दे. "विहीनबाय, काय करू गो तुमाला जेवायला? भाजी आनू का बाजारातून?"

सासूबाई पदराने घाम पुसत खाली बसल्या. भर दिवसा, सगळ्यांसमोर, कुठे न अडखळता म्हणाल्या —

"भाजी कित्याक गो? खाडीत काय गावला असात ता कर. माका सगळा चलता."